खर्जाला कंठ देणारा जॅको

रविवारच्या गायन-मिस्साला आपल्या चर्चमधील गायनवृंद चार स्वरांत गाऊ लागला की आपले कान साहजिकच वरच्या स्वराकडे लागतात. स्त्रिया व मुले ज्या उंच पट्टीत गातात तीच चाल आपण ओठांवर घेऊन घरी परततो. मागच्या रांगेत उभे राहून खालच्या पट्टीत गाणाऱ्या दोन-तीन प्रौढ पुरुषांकडे कोणाचे फारसे लक्ष जात नाही. एखाद्या रविवारी ते आले नाहीत म्हणजे मात्र काहीतरी उणे भासू लागते. भिंती त्याच, छप्पर तेच, परंतु जोते खचल्यासारखे वाटते. संगीतातील या खालच्या स्वराला 'बास' म्हणतात. आपल्या परंपरेच्या भाषेत तो खर्ज होय. इमारतीच्या पायाप्रमाणे तो सारा भार वाहतो आणि पायाप्रमाणेच दृष्टीआड राहतो.

या दृष्टीआडच्या स्वराला ज्याने कंठ दिला, त्या जॅको पास्टोरियस या अमेरिकन कलावंताची ओळख आम्ही आमच्या वाचकांना करून देऊ इच्छितो. जॅझ संगीतातील बास गिटारचा विचार आज जॅकोपूर्वी व जॅकोनंतर अशा दोन भागांत केला जातो. बालपणी तो फ्लोरिडातील एका चर्चमध्ये वेदीसेवक होता. जेमतेम दहा-अकरा वर्षांच्या कारकिर्दीत त्याने आपल्या वाद्याचे स्वरूप पालटून टाकले आणि वयाच्या 35 व्या वर्षी, घरदार नसलेल्या अवस्थेत, त्याचा दारुण अंत झाला. त्याच्या कलेचे कौतुक जगभर झाले आहे. त्याच्या जीवनाने मात्र एक प्रश्न मागे ठेवला आहे, आणि तो तुम्हाआम्हालाही चुकवता येण्याजोगा नाही.

वाद्याची पूर्वपीठिका

जॅकोची थोरवी समजण्यासाठी प्रथम त्याचे वाद्य समजून घ्यावे लागेल. जॅझच्या आरंभीच्या काळात खर्जाची जबाबदारी डबल बासकडे होती. माणसाहून उंच, व्हायोलिनच्या कुळातील हे अवजड लाकडी वाद्य उभे धरून वाजवावे लागते. ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदातील जिमी ब्लँटन याने 1939 ते 1941 या अल्पावधीत या वाद्यावर स्वतंत्र सुरावटी वाजवून दाखवल्या. पण क्षयाने तो 1942 मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी वारला. पुढे चार्ल्स मिंगस, स्कॉट लफारो यांनी ती वाट अधिक रुंद केली. तरीही डबल बासच्या दोन अडचणी कायमच होत्या. ते वाहून नेणे कष्टाचे होते, आणि ढोल-कर्ण्यांच्या गदारोळात त्याचा आवाज बुडून जात असे.

या अडचणींवर कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर या रेडिओ-दुरुस्तीचा व्यवसाय केलेल्या कारागिराने उपाय शोधला. 1951 च्या अखेरीस त्याने गिटारसारखे आडवे धरून वाजवायचे, विजेवर चालणारे चार तारांचे वाद्य बाजारात आणले आणि त्याला 'प्रिसिजन बास' असे नाव दिले. या नावातच त्याचे मर्म आहे. डबल बासची बोटपट्टी गुळगुळीत असते. बोट केसभर सरकले तरी सूर बिघडतो. फेंडरने गिटारप्रमाणे बोटपट्टीवर धातूचे पडदे बसवले. सतारीच्या पडद्यांसारखेच त्यांचे काम. बोट दोन पडद्यांच्या मध्ये कोठेही पडो, सूर नेमका यायचा. अचूकतेची हमी देणारे वाद्य म्हणून ते 'प्रिसिजन'. 1960 मध्ये त्याच कारखान्यातून 'जॅझ बास' हे त्याचे पुढील रूप बाहेर पडले.

नाव जॅझचे असले तरी जॅझच्या जाणकारांनी या वाद्याला पंक्तीला बसवून घेतले नाही. मंक मॉन्टगोमेरीसारखा वादक 1950 च्या दशकातच ते जॅझमध्ये वाजवत होता. डेट्रॉईटमध्ये जेम्स जेमर्सन याने मोटाऊन कंपनीच्या लोकप्रिय गीतांतून त्याचे सामर्थ्य दाखवले. तरीही अनेकांच्या लेखी ते रॉक संगीताचे, नृत्यगृहाचे वाद्य राहिले. गंभीर संगीतासाठी खरा बास म्हणजे लाकडी बास, असे मानले जाई.

वेदीसेवक ते वादक

ज्या वर्षी फेंडरचे वाद्य बाजारात आले, त्याच वर्षी, 1 डिसेंबर 1951 रोजी, पेनसिल्व्हेनिया राज्यातील नॉरिसटाऊन येथे जॉन फ्रान्सिस अँथनी पास्टोरियस याचा जन्म झाला. त्याचे वडील गायक व ड्रमवादक होते. आई फिनिश वंशाची होती. तिघा भावांत तो थोरला. तो लहान असतानाच हे कुटुंब दक्षिणेला फ्लोरिडातील फोर्ट लॉडरडेल परिसरात राहावयास गेले. तेथील विल्टन मॅनर्स गावातील संत क्लेमेंट यांच्या नावाच्या कॅथलिक शाळेत तो शिकला आणि शेजारच्या चर्चमध्ये वेदीसेवा करू लागला. धाकट्या भावाने त्याला 'मोगली' हे टोपणनाव दिले, कारण किपलिंगच्या कथेतील त्या मुलासारखा हाही उघड्या अंगाने झाडांवर आणि समुद्रकिनारी हुंदडत असे. 'जॅको' हे नाव बेसबॉलच्या एका प्रसिद्ध पंचावरून आले, आणि त्याचे आज रूढ असलेले स्पेलिंग त्याने पुढे एका पियानोवादक मित्राच्या लेखणीतून उचलले.

वडिलांप्रमाणे त्यालाही ड्रमवादक व्हायचे होते. परंतु तेराव्या वर्षी फुटबॉल खेळताना त्याचे मनगट जायबंदी झाले, शस्त्रक्रिया करावी लागली, आणि ड्रम जोमाने वाजवणे त्याला कठीण जाऊ लागले. तो ज्या स्थानिक वाद्यवृंदात होता तेथे याच सुमारास दुसरा, अधिक चांगला ड्रमवादक आला आणि बासवादकाची जागा रिकामी झाली. जॅकोने ती जागा घेतली. पण ड्रमवादकाची लय त्याच्या हातांतून गेली नाही, ती बासमध्ये उतरली. त्याच्या वादनातील चैतन्याचे एक रहस्य येथे आहे.

आरंभी त्याने पैसे साठवून एक डबल बास विकत घेतला होता. फ्लोरिडाची हवा दमट. त्या हवेत लाकूड टिकेना, आणि एके दिवशी तो बास तडकलेला आढळला. जॅकोने तो देऊन फेंडरचा विजेवरचा बास घेतला. घरी समृद्धी नव्हती, आणि विशीच्या आतच त्याच्यावर स्वतःच्या संसाराची जबाबदारी आली होती. मिळेल ते काम तो करीत गेला. त्याने प्रवासी जहाजांवर वाजवले. 1972 मध्ये वेन कॉक्रन या गायकाच्या वाद्यवृंदाबरोबर गावोगाव भटकंती केली. मियामी विद्यापीठात काही काळ बासवादन शिकवले. फ्लोरिडाच्या त्या किनाऱ्यावर क्यूबाची काँगो, कॅरिबियन बेटांचे पोलादी ढोल, कृष्णवर्णीयांचे सोल संगीत आणि जॅझ असे नाना प्रवाह एकत्र येत होते. त्यांपैकी अमुक थोर आणि अमुक हलके असा भेद त्याने मनात कधी ठेवला नाही.

पडदे काढलेले वाद्य

जॅकोने 1962 सालचा एक फेंडर जॅझ बास मिळवला. पुढे 'बास ऑफ डूम' या नावाने तो विख्यात झाला. या वाद्याचे पडदे त्याने काढून टाकले होते. ते कसे काढले याविषयी त्याने वेळोवेळी निरनिराळ्या कथा सांगितल्या, आणि कथा रंगवून सांगण्याची त्याला हौसही होती. पडदे निघाल्यावर बोटपट्टीत पडलेल्या खाचा त्याने लाकडाच्या लांबीने भरून काढल्या आणि होड्यांना लावतात त्या टणक इपॉक्सी रोगणाचे लेप तिच्यावर चढवले. काचेसारख्या कठीण झालेल्या त्या पट्टीवर त्याने खरबरीत पोलादी तारा चढवल्या.

पडदे नसलेला बास गिटार हा जॅकोचा शोध नव्हे. अँपेग कंपनीने तो 1966 मध्येच विकावयास काढला होता आणि 1970 मध्ये फेंडरनेही काढला. जॅकोचे श्रेय वेगळे आहे. फेंडरने ज्या अचूकतेची हमी पडद्यांच्या रूपाने दिली होती ती जॅकोने नाकारली, आणि अचूकतेचा सगळा भार आपल्या कानावर व बोटांवर घेतला. आमच्या वाचकांना सतार आणि सरोद यांचे उदाहरण ध्यानात घेता येईल. सतारीला पडदे असतात. सरोदाची पट्टी गुळगुळीत पोलादी असते. सरोदावर बोट एका सुरावरून दुसऱ्या सुरावर घसरत जाते, आणि मधला प्रत्येक सूक्ष्म सूर ऐकू येतो. जॅकोच्या बासला ही मींड लाभली. एखादा गायक सूर लावून तो हलकेच आंदोलित करतो, तसा कंप तो तारेवर बोट डोलावून निर्माण करीत असे. पोलादी तार त्या टणक लेपावर थरथरू लागली की सुराला किंचित सानुनासिक, मानवी गळ्यासारखी धार येई. वाद्याला कंठ फुटला असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

शैलीची चार अंगे

त्याच्या वादनशैलीची चार अंगे विशेष लक्षात घेण्यासारखी आहेत.

पहिले अंग म्हणजे वर सांगितलेला गाणारा सूर. वेदर रिपोर्ट या समूहाच्या 'अ रिमार्क यू मेड' या संथ रचनेत सॅक्सोफोन व बास एकमेकांशी संवाद करतात. बास तेथे साथीदार म्हणून न येता बरोबरीच्या नात्याने बोलतो.

दुसरे अंग लयीचे. उजव्या हाताची दोन बोटे वाद्याच्या घोडीजवळ आळीपाळीने चालवून तो एका मात्रेत चार-चार सूर भरीत असे, आणि डाव्या हाताने काही सूर मध्येच दाबून मुके करीत असे. त्या मुक्या आघातांतून तालवाद्याचा भास होई. 'कम ऑन, कम ओव्हर' सारख्या रचनेत बास आणि ढोलक एकाच वेळी वाजत असल्यासारखे वाटते. ड्रम सोडावा लागलेला तो मुलगा येथे पुन्हा भेटतो.

तिसरे अंग हार्मोनिक स्वरांचे. ताणलेल्या तारेला तिच्या बरोबर मध्यावर बोटाचा केवळ स्पर्श करून ती छेडली, तर मूळ सुराच्या वरच्या सप्तकातील, घंटेसारखा स्वच्छ सूर उमटतो. तारेच्या तिसऱ्या हिश्श्यावर स्पर्श केल्यास त्याहून वरचा पंचम मिळतो आणि चौथ्या हिश्श्यावर केल्यास दोन सप्तके वरचा षड्ज. हा ध्वनिशास्त्राचा नियम व्हायोलिनवादकांना पूर्वापार ठाऊक होता. बास गिटारच्या सर्वांत जाड तारेचा सूर सेकंदाला सुमारे 41 कंपनांचा, म्हणजे मानवी श्रवणशक्तीच्या तळाजवळचा. अशा खोल वाद्यातून आकाशातील घंटानाद निघावा ही कल्पनाच नवी होती. आपल्या पत्नीच्या नावे केलेल्या 'पोर्ट्रेट ऑफ ट्रेसी' या रचनेत जॅकोने अशा सुरांचे पुंजके बांधून संपूर्ण गीत उभे केले. ते ऐकताना एकच माणूस एकच बास वाजवतो आहे यावर प्रथम विश्वास बसत नाही.

चौथे अंग म्हणजे रागदारीच्या तानेशी तुलना करावी अशी त्याची एकल सुरावट. जॅकोच्या नावाचीच पहिली ध्वनिमुद्रिका 1976 मध्ये निघाली. तिचा निर्माता बॉबी कोलंबी याने आदल्या वर्षी फ्लोरिडात त्याला ऐकले होते. या मुद्रिकेचा आरंभ 'डोना ली' या रचनेने होतो. चार्ली पार्कर यांनी 1947 मध्ये सॅक्सोफोनवर ध्वनिमुद्रित केलेली ही अतिशय चपळ, वळणावळणांची रचना जॅझच्या विद्यार्थ्यांची कसोटी मानली जाते. जॅकोने ती बासवर वाजवली. पियानो नाही, ड्रम नाही, साथीला केवळ डॉन एलियास याचे काँगो. हत्तीला हरणासारखे बागडताना पाहावे तसे श्रोत्यांना झाले. नव्या वादकाने आपली पहिली मुद्रिका आपल्या वाद्याच्या सर्वांत अवघड परीक्षेने उघडावी यात आत्मविश्वास होता, आणि थोडा अहंकारही होता. जॅकोमध्ये दोन्ही होते हे लपवण्याचे कारण नाही.

कीर्तीची वर्षे

वेदर रिपोर्ट हा त्या काळातील अग्रगण्य जॅझ-समूह. व्हिएन्नात जन्मलेले जो झाविनुल आणि सॅक्सोफोनवादक वेन शॉर्टर यांनी तो 1970 मध्ये उभारला होता. झाविनुल सांगत की मियामीतील एका कार्यक्रमानंतर एक अपरिचित तरुण त्यांच्यापुढे उभा राहिला आणि जगातील सर्वश्रेष्ठ बासवादक आपणच आहोत असे त्याने त्यांना सुनावले. त्यांनी त्याला झिडकारले. परंतु तो हटला नाही आणि पुढे त्याचे वादन ऐकल्यावर त्यांना आपले मत बदलावे लागले. 1976 मध्ये जॅको त्या समूहात आला. 'ब्लॅक मार्केट' या मुद्रिकेत तो दोन रचनांपुरता वाजवतो. त्यांतील 'बार्बरी कोस्ट' त्याची स्वतःची आहे.

1977 मधील 'हेवी वेदर' या मुद्रिकेने समूहाला अभूतपूर्व लोकप्रियता मिळवून दिली. तिच्यातील 'बर्डलँड' या प्रसिद्ध रचनेच्या आरंभी जी उंच, शिटीसारखी चाल ऐकू येते ती पुष्कळांना गिटारची वाटते; वस्तुतः ती जॅकोने बासवर कृत्रिम हार्मोनिक सुरांत वाजवलेली आहे. 'टीन टाऊन' या आपल्या रचनेत त्याने बासबरोबर ड्रमही स्वतःच वाजवला. मनगटामुळे सोडलेल्या वाद्याशी त्याची अशी पुन्हा गाठ पडली.

त्याच सुमारास कॅनडात जन्मलेल्या गायिका जोनी मिशेल अशा बासवादकाच्या शोधात होत्या, जो मूळ सुराला खुंटी ठोकल्यासारखा बसून राहणार नाही. तो त्यांना जॅकोमध्ये सापडला. 1976 मधील त्यांच्या 'हेजिरा' या मुद्रिकेत जॅकोचा बास गायिकेच्या शब्दांभोवती वाऱ्यासारखा फिरतो; कधी पुढे जातो, कधी थांबून वाट पाहतो. पॅट मेथनी या तरुण गिटारवादकाच्या 'ब्राइट साइझ लाइफ' या पहिल्या मुद्रिकेतही तोच होता. 'डोना ली' मधील चपळाई पाहून ज्यांना जॅको म्हणजे केवळ वेग वाटतो, त्यांनी या दोन मुद्रिका ऐकाव्यात. दुसऱ्याच्या गीताला खांदा देताना तो किती संयमी होता हे तेथे समजते.

1981 मध्ये 'वर्ड ऑफ माऊथ' ही त्याची दुसरी महत्त्वाची मुद्रिका आली. येथे तो वादकापेक्षा रचनाकार म्हणून अधिक दिसतो. बाखची एक फँटसी त्याने बासवर बसवली आहे. 'जॉन अँड मेरी' ही रचना आपल्या दोन मुलांच्या नावे केली आहे. आणि 'थ्री व्ह्यूज ऑफ अ सीक्रेट' मध्ये बेल्जियमच्या टूट्स टिलेमन्स यांच्या माऊथ ऑर्गनवर त्याची जी सुरावट उमटते ती ऐकून मन भरून येते. त्याच वर्षी, तिसाव्या वाढदिवशी, त्याने फोर्ट लॉडरडेलला मोठ्या वाद्यवृंदासह मैफल केली. ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली.

उतरण

त्यानंतरचा भाग लिहिताना आमची लेखणी अडखळते. 1982 च्या आरंभी वेदर रिपोर्टशी त्याचा संबंध संपलेला होता. त्याच वर्षी जपानच्या दौऱ्यात त्याचे वर्तन इतके विलक्षण झाले की सहकारी भयभीत झाले. त्याने डोके भादरले, तोंड रंगवले, आणि हिरोशिमाच्या समुद्रात आपले वाद्य फेकून दिले. त्यानंतर त्याला बायपोलर विकार असल्याचे निदान झाले. या मनोविकारात रुग्ण कधी अमर्याद उत्साहाच्या शिखरावर असतो, तर कधी गाढ विषण्णतेच्या दरीत. जोडीला मद्य व अमली पदार्थ होते. औषधे तो नियमितपणे घेईना. दोन विवाह मोडले. मुद्रिका-कंपन्यांनी पाठ फिरवली, मैफलींची दारे बंद झाली.

1986 पर्यंत जगातील अव्वल बासवादक न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर आणि बागांत राहू लागला होता. ज्या बासने त्याला कीर्ती दिली तो त्या वर्षी तेथेच चोरीस गेला. विभक्त पत्नी व भाऊ यांच्या प्रयत्नाने त्याला बेलव्ह्यू रुग्णालयात दाखल करण्यात आले. काही आठवडे आशेचे गेले. वर्षाच्या अखेरीस तो फ्लोरिडाला परतला. परंतु तेथेही त्याचे आठवड्यांमागून आठवडे उघड्यावरच जाऊ लागले.

11 सप्टेंबर 1987 च्या रात्री सांताना समूहाच्या मैफलीत तो आगंतुकपणे रंगमंचावर चढला आणि त्याला बाहेर काढण्यात आले. तेथून तो विल्टन मॅनर्समधील एका क्लबवर गेला. आत प्रवेश मिळाला नाही म्हणून त्याने दरवाजावर लाथ मारली असे सांगतात. दारावरच्या रक्षकाशी झालेल्या झटापटीत त्याच्या डोक्याला जबर इजा झाली. तो बेशुद्धावस्थेतून बाहेर आला नाही. 21 सप्टेंबर 1987 रोजी त्याने शेवटचा श्वास घेतला. त्या रक्षकाने पुढे सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कबूल केला आणि तो काही महिनेच तुरुंगात राहिला.

ज्या गावातील वेदीजवळ बालपणी त्याने मेणबत्त्या धरल्या होत्या, त्याच गावात, त्याच चर्चपासून फार दूर नसलेल्या एका दारात तो कोसळला. नॉर्थ लॉडरडेल येथील, स्वर्गाची राणी पवित्र मरिया हिच्या नावाच्या कॅथलिक दफनभूमीत त्याचे शरीर विसावले आहे.

वारसा

त्याच्या मृत्यूनंतर मान्यतेची रांग लागली. 'डाऊनबीट' या जॅझच्या मान्यवर मासिकाने 1988 मध्ये वाचकांच्या कौलाने त्याला आपल्या सन्मान-दालनात स्थान दिले. माइल्स डेव्हिस यांनी 1989 मधील 'अमांडला' या मुद्रिकेत मार्कस मिलर याने लिहिलेली 'मिस्टर पास्टोरियस' ही रचना वाजवली. मिलर, व्हिक्टर बेली, व्हिक्टर वूटन, कॅमेरूनचा रिचर्ड बोना अशा पुढील पिढीच्या बासवादकांना त्याने उघडलेल्या दारातूनच यावे लागले. चोरीस गेलेला बास वीस वर्षांनी, 2006 मध्ये, न्यूयॉर्कमध्ये पुन्हा उजेडात आला; मेटॅलिका या रॉक समूहाचा बासवादक रॉबर्ट ट्रुहियो याच्या साहाय्याने 2010 मध्ये त्याविषयीचा वाद मिटला. याच ट्रुहियोने पुढे जॅकोवरील माहितीपटाची निर्मिती केली. फ्लोरिडातील ओकलंड पार्क येथे 2008 मध्ये एका सार्वजनिक उद्यानाला जॅकोचे नाव देण्यात आले. ज्याला अखेरच्या काळात बागेतील बाकावर झोपावे लागले, त्याच्या नावाची बाग झाली.

या वारशात एक धोकाही होता. शेकडो तरुणांनी आपल्या बासचे पडदे उखडले, त्याच्यासारख्या तारा चढवल्या, 'डोना ली' वेगाने वाजवण्याचा सराव केला. हाताची चपळाई त्यांना साधली, पण जॅकोचा सूर फार थोड्यांना सापडला. कारण उघड आहे. जॅकोचे सामर्थ्य पडदे काढण्यात नव्हते. पडदे काढल्यावर जो विवेक अंगी असावा लागतो त्यात ते होते. बाहेरचा आधार काढून टाकणे सोपे; त्याच्या जागी आतली शिस्त उभी करणे कठीण. ती त्याने वाद्याच्या बाबतीत केली होती.

दुसरा धोका त्याहून मोठा आहे. वेड आणि प्रतिभा यांची गाठ घालून कलावंताच्या विनाशाला सोनेरी झालर लावण्याची सवय जगाला आहे. जॅकोच्या बाबतीत सन काय सांगतात ते पाहावे. 'डोना ली', 'हेजिरा', 'हेवी वेदर', 'वर्ड ऑफ माऊथ' ही सारी 1976 ते 1981 या सहा वर्षांतील कामे. स्वभावातील उधाणाची चिन्हे तेव्हाही दिसत होती हे खरे. परंतु तेव्हा त्याच्या पाठीशी सराव होता, घर होते, खडसावणारे सहकारी होते. आजाराने त्याचा पूर्ण ताबा घेतल्यावर त्या तोलाचे काम त्याच्या हातून झाले नाही. आजाराने त्याला थोर केले नाही; आजाराने त्याची थोरवी खाऊन टाकली. असे आमचे मत आहे, आणि ते आम्ही आग्रहाने मांडतो, कारण या गैरसमजामुळे उपचाराच्या गरजेकडे डोळेझाक होते.

आपल्या दारातील प्रश्न

अमेरिकेतील एका बासवादकाची ही कथा आपल्या धर्मग्रामांतील कुटुंबांपुढे कशासाठी मांडायची, असे कोणी विचारील. आमचे उत्तर मत्तयकृत शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात आहे. त्या अध्यायात प्रभू येशू धन्याने चाकरांना सोपवलेल्या मोहरांचा दाखला देतो. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी भुकेले, उघडे, परके व आजारी यांच्या रूपाने आपणच दाराशी येतो असे सांगतो. आपण पहिल्या दाखल्यावर मुलांना पुष्कळ प्रवचने देतो. देवाने दिलेले दान पुरून ठेवू नका, ते वाढवा, असे शिकवतो. जॅकोने आपले दान पुरून ठेवले नाही. त्याने ते दसपट करून दाखवले. पण अध्यायाचा उत्तरार्ध त्याच्यासाठी नव्हता. तो त्याच्या भोवतीच्या माणसांसाठी होता.

भोवतीच्या माणसांनी काहीच केले नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भाऊ झटला, विभक्त पत्नी झटली, मित्रांनी घरी ठेवून घेतले. बायपोलर विकाराच्या रुग्णाला सांभाळणे किती जिकिरीचे असते हे ज्याच्या घरी असा रुग्ण आहे त्यालाच ठाऊक. मदतीचा हात झिडकारणाऱ्या माणसाला पुन्हा हात देणे ही सोपी गोष्ट नव्हे, आणि दोन-चार जिवलगांच्या बळावर ते ओझे पेलतही नाही. त्याला समाज लागतो.

आपल्या गावांतही असे जॅको आहेत. त्यांच्या नावाने मुद्रिका निघाल्या नसतील. पण कोणी उत्तम व्हायोलिन वाजवीत होता, कोणी गायनवृंदात खालचा सूर धरीत होता, कोणी वर्गात पहिला येत होता. आज तो चर्चच्या पायऱ्यांशी बसून राहतो, आणि मिस्सा सुटल्यावर आपण वळसा घालून पुढे जातो. घरचे लोक लाजेने त्याच्याविषयी बोलत नाहीत. कोणी त्याला व्यसनी म्हणून सोडून देतो, कोणी बाधा झाली म्हणून नवस बोलतो. मधुमेहाला आपण डॉक्टरांकडे नेतो. मनाच्या आजाराला मात्र दाराआड लपवतो. प्रार्थना अवश्य करावी. परंतु प्रार्थनेनंतर रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाकडे नेणारा, औषधाची वेळ सांभाळणारा, वैतागलेल्या आईला चार तास विश्रांती देणारा शेजारीही हवा. एखाद्या धर्मग्रामात अशी चार माणसे एकत्र आली तरी पुष्कळ होईल.

आम्ही आरंभी खर्जाच्या स्वराविषयी बोललो. तो स्वर स्वतःकडे लक्ष वेधीत नाही, पण इतरांना उभे राहण्यास जागा देतो. जॅकोने त्या स्वराला पुढे आणले, गायला लावले, आणि त्याबद्दल संगीतजगत त्याचे ऋणी आहे. परंतु ज्या दिवसांत त्याला स्वतःला पायाखाली भूमी हवी होती, त्या दिवसांत त्याच्यासाठी खालचा स्वर धरून ठेवणारे पुरेसे कोणी नव्हते. येत्या रविवारी गायनवृंद गाऊ लागेल तेव्हा मागच्या रांगेतील त्या दोन-तीन पुरुषांचा आवाज वाचकांनी कान देऊन ऐकावा. आणि बाहेर पडताना पायऱ्यांवर कोण बसले आहे, तेही थांबून पाहावे.